पंचावन्न किलो, केस सोडून

१० जून, मंगळवार

सकाळच्या सरावात अंकितानं माझी मुंडी धरली आणि मध्येच सोडून दिली. कुस्तीत कुणी अशी मुंडी सोडतं का? मी तिला उचलून आपटलं आणि मग विचारलं, काय झालं? ती खालूनच म्हणाली, "तुझ्या डोक्यात काहीतरी गुळगुळीत लागतंय."

मोबाइलवर फोटो काढून दाखवला तिनं. डाव्या कानाच्या मागं, दोन रुपयांच्या नाण्याएवढं. एक केस नाही. पांढरं, चकचकीत. चाई!

आता हसू की रडू? या तालमीत तेवीस पोरी, सगळ्यांचा बॉयकट, आणि वेणी माझी एकटीची. तीन वर्षांपूर्वी विट्याला आले तेव्हा शैलाताईंनी कात्री हातात घेतली होती. मी म्हटलं, ताई, पहिल्या सहा महिन्यांत जिल्ह्यात नंबर आणते, पण वेणी ठेवू द्या. आणला! तेव्हापासून आमच्या कोच माझ्या वेणीला काही बोलत नाहीत. फक्त जाळी घट्ट बांध म्हणतात.

अंकिता माझी जोडीदार आणि खोलीवरची मैत्रीण. तासगावची, घरी बेदाण्याचे शेड. तिनं वेणी घालून दिली, नाणं आत झाकलं जाईल अशी. कुणाला कळणार नाही म्हणाली.

११ जून

आईला फोनवर सांगितलं. चूक केली. तिच्या मते डोक्यात किडा शिरलाय आणि तो केस खातोय. रविवारी घरी ये म्हणाली.

१५ जून, रविवार

घरी. आटपाडीच्या पुढं आमची वाडी. दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, चाळीस मेंढरं, थोडं डाळिंब. आई दारातच लसूण ठेचत बसलेली. माझं डोकं मांडीवर घेतलं आणि चोळला. लय चोळला. पाचव्या मिनिटाला मी उठून हौदाकडं पळाले. डोकं पाण्यात!

दादा मेंढरांना पाला टाकत होते. आईला एवढंच म्हणाले, "हरणे, पोरगी हाय ती. कालवणात घालायची न्हाई."

संध्याकाळी तिथं फोड आला. ओसरीवर कुणीतरी आत्याबाई आईला विचारत होत्या, लग्नाचं कसं करणार आता. एका नाण्यावरून लग्नापर्यंत!

१८ जून

एकाची तीन झाली. झाकली जात नाहीत.

धाकट्या बॅचमधल्या एका पोरीचे वडील आले होते. आमच्या मुलीची जोड हिच्याबरोबर लावू नका, मॅटवरून गजकर्ण पसरतं, असं शैलाताईंना सांगून गेले. त्यांचं अगदी चूक नाही. गजकर्ण पसरतंच, आम्हां सगळ्यांना कधी ना कधी झालंय. पण हे गजकर्ण नाही. नसावं. मला तरी काय माहीत?

दुपारी टॉवेल घ्यायला गेले तर माझ्या शेजारची खुंटी रिकामी. मग त्या पलीकडचीही. थोड्या वेळानं अंकिता आली, स्वतःचा टॉवेल आणून माझ्या टॉवेलवरच टाकला आणि पाणी प्यायला गेली.

२३ जून, सोमवार

सांगली. दादा आटपाडीहून पहिल्या एसटीनं आले, पटका बांधून, हातात काठी. त्वचेच्या डॉक्टर मॅडमच्या दवाखान्यात सगळ्या गोऱ्यापान होण्याच्या जाहिराती आणि मध्ये दादा!

मॅडमनी भिंगातून पाहिलं, केस ओढून पाहिले, नखं पाहिली. मग कागदावर चित्र काढून समजावलं. किडा नाही. जंतू नाही. कुणाला लागत नाही. रक्तातल्या पेशी, ज्यांचं काम बाहेरच्या रोगांशी लढायचं, त्या चुकून आपल्याच केसांच्या मुळांवर धावून जातात. का, ते नक्की कुणालाच सांगता येत नाही. केस परत येऊ शकतात. परत जाऊही शकतात.

दादा चित्राकडं बघत होते. मग म्हणाले, "म्हंजी राखणीचं कुत्रं आपल्याच मेंढराला चावाय लागलंय म्हणा की."

मॅडम पेन खाली ठेवून हसल्या. म्हणाल्या, पंधरा वर्षं समजावतेय लोकांना, एवढं सोपं मला कधी जमलं नाही.

मग दादांनी विचारलं, असल्या कुत्र्याला आम्ही बांधून घालतो, तुमी काय करता? मॅडम म्हणाल्या, आम्ही त्याला जरा गुंगी देतो. गुंगी म्हणजे सुई. डोक्यात, प्रत्येक चाईत, दाण्यादाण्याच्या अंतरावर. तिसापर्यंत मोजल्या. मग मोजणं सोडलं आणि दादांचा हात धरला. कुस्तीत एवढं दुखत नाही. खरंच नाही.

येताना मॅडमनी लेटरहेडवर लिहून दिलं – हा आजार संसर्गजन्य नाही, खेळायला हरकत नाही.

२४ जून

शैलाताईंनी ते पत्र सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं आणि त्याची झेरॉक्स भिंतीवर आहाराच्या तक्त्याशेजारी चिकटवली. म्हणजे आता रोज अंडी किती खायची आणि माझं डोकं कसं आहे, दोन्ही एकत्र वाचायचं. खुंट्या भरल्या.

१ ऑगस्ट, शुक्रवार

दुसऱ्यांदा सुया. यावेळी अंकिता बरोबर. ती माझ्याकडं बघून चक्कर येऊन खाली बसली. ६२ किलो गटातली पैलवान! नर्सनं तिला आधी पाणी दिलं, मला नंतर.

मॅडमनी भिंगातून बघून सांगितलं की पहिल्या चाईत काहीतरी दिसतंय. मला आरशात काहीच दिसलं नाही. पण एसटीत सारखा हात तिथंच.

२२ ऑगस्ट

आले!!! पांढरे आहेत, म्हातारीच्या केसांसारखे, लवच नुसती, पण आले! अंकितानं पट्टी लावून मोजलं, अर्धा सेंटिमीटर. तिच्या घरून आलेला बेदाण्याचा डबा फोडला. सगळ्या पोरींनी येऊन एकेकदा बोट फिरवलं आणि मूठमूठ बेदाणे नेले. ज्या पोरीचे वडील आले होते ती सगळ्यात शेवटी आली. हळूच म्हणाली, ताई, मऊ लागतंय. तिला दोन मुठी दिले.

आईला फोटो पाठवला. तिनं वाडीभर दाखवला असणार.

२ सप्टेंबर, मंगळवार

शैलाताईंनी खोलीत बोलावून दार लावून घेतलं. त्यांच्यासमोर मनाई असलेल्या औषधांची यादी होती.

त्या सुयांमध्ये स्टिरॉइड आहे. मला ते माहीत होतं, मॅडमनी सांगितलं होतं. पण ताकद वाढवायचं ते स्टिरॉइड वेगळं आणि हे वेगळं, म्हणून मी निवांत होते. वेगळंच आहे. पण स्पर्धेच्या काळात टोचून घ्यायला यालाही बंदी आहे. आधीपासून थांबवावं लागतं. चौदाला जिल्ह्याची निवड, पुढं डिसेंबरात साताऱ्याला राज्य स्पर्धा. परवानगीचा अर्ज करता येतो, पण मिळेल की नाही, कधी मिळेल, कुणी सांगू शकत नाही.

ताईंनी तिथूनच मॅडमना फोन लावला. मॅडमचं म्हणणं, लावायचं औषध चालू ठेवू, सुया थांबवल्या तर आलेले केस जातील असं नाही, पण आजार सध्या जोरात आहे, पसरू शकतो. जोखीम आहे. निर्णय तिचा.

ताई फोन ठेवून म्हणाल्या, "प्रांजल, मी तुला काही सांगणार नाही. यंदा सोडलीस तरी तुझी जागा इथं आहे."

मी खिडकीतून मॅट बघत होते. पोरी ओळीत बसून पाय ताणत होत्या. माझी जागा मोकळी, अंकितासमोर. मला वाटलं होतं लय विचार करावा लागेल.

"लढते," म्हटलं.

३ सप्टेंबर

रडले. मग दोनशे बैठका मारल्या.

१४ सप्टेंबर, रविवार

सांगली, जिल्हा निवड. वजनाच्या वेळी डॉक्टर प्रत्येकीची त्वचा तपासतात. माझ्या डोक्याशी थांबले, मागं सरकले, बाजूला उभी राहा म्हणाले. मी पत्र काढलं. त्यांनी दोनदा वाचलं, मग हात लावून बघितला, मग सॉरी म्हणाले. डॉक्टर पैलवानाला सॉरी म्हणतो हे पहिल्यांदाच ऐकलं.

दोन कुस्त्या, दोन्ही जिंकल्या. दुसरी चीतपट. सातारा पक्कं!

६ ऑक्टोबर

मॅडम म्हणाल्या होत्या तसंच झालं. आधी उशीवर, मग न्हाणीच्या जाळीवर, मग नुसता हात फिरवला तरी मुठीत. पांढरी लवही गेली. डाव्या बाजूला काही उरलं नाही. उजवीकडं आहेत, पण ते असे की नसलेले बरे. भुवया अर्ध्या.

आज कॉलेजला गेले नाही. आरसा उलटा करून ठेवला. सरावाला मात्र गेले. मॅटवर आरसा नाही, बरं आहे.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळीला घरी. आल्यापासून डोक्याला ओढणी, घरातसुद्धा. आईच म्हणाली बांधून राहा, पावणे येतात.

सकाळी दादा मेंढरं कातरत होते. मी बघत बसले. मेंढराला दोन गुडघ्यांत धरतात, हनुवटी वर करतात, आणि कातर अशी चालते की त्याला कळतही नाही. लहानपणापासून बघत आलेय. दहाबारा झाल्यावर मी ओढणी सोडली आणि त्यांच्यासमोर जाऊन बसले. म्हटलं, दादा, माझे पण काढा.

त्यांनी आधी कातर धुतली. दगडावर घासून धार लावली. पुन्हा धुतली, सदऱ्याला पुसली. मग माझी हनुवटी तशीच वर केली.

"हलू नगंस. पैलवानाला कान लागत्यात."

दहा मिनिटं लागली असतील. मी डोळे मिटून होते. वेणीचा जो शेपटा उरला होता तो त्यांनी खाली टाकला नाही, माझ्या हातात दिला. आई दारात येऊन उभी राहिली आणि आत निघून गेली.

काढून झाल्यावर मी विचारलं, दादा, मेंढराची लोकर सहा महिन्यांत येते. माझी येईल का?

त्यांनी विचार करून उत्तर दिलं. दादा कधीच पटकन बोलत नाहीत.

"मेंढराचं मी सांगतो. तुजं मला ठावं न्हाई." मग त्यांनी डोक्यावरचा पटका सोडला आणि माझ्या डोक्याला बांधला, दोन वेढे देऊन, घट्ट. "पर ऊन लागाय नगं."

दादांचं डोकं उघडं मी पहिल्यांदा बघितलं. वर टक्कल! अगदी गोल! आणि हे मला वीस वर्षांत माहीत नव्हतं. मी हसायला लागले, मग तेही. मेंढरं आमच्याकडं बघत होती.

२८ ऑक्टोबर

तालमीत परत. सगळ्यांनी डोक्यावरून हात फिरवला, रांग लावून. शैलाताईंनी वजन करायला लावलं. केस गेले त्याचे पन्नाससाठ ग्रॅम कमी झाले असतील. दिवाळीचा फराळ नऊशे ग्रॅम!

९ नोव्हेंबर, रविवार

भुवया पूर्ण गेल्या, पापण्याही. एक गोष्ट आधी कुणी सांगितली नव्हती. भुवया दिसण्यासाठी नसतात. त्या घाम अडवतात. आता कपाळावरचा घाम सरळ डोळ्यांत. मॅटवर अर्धी कुस्ती आंधळ्यासारखी खेळतेय. काल अंकितानं तीनदा पाय धरून पट काढला, मला दिसलाच नाही.

तिनं काजळानं भुवया काढून दिल्या. छान दिसल्या! पंधरा मिनिटांनी गालावर दोन काळे ओघळ. धाकट्या पोरी हसून लोळल्या.

शैलाताईंनी उपाय काढला. डोळे मिटून कुस्ती. रोज अर्धा तास, डोळ्यांवर पट्टी बांधून, नुसत्या हातांनी ओळखायचं समोरचीचा पाय कुठं आहे. पहिल्या दिवशी भिंतीवर आपटले.

२३ नोव्हेंबर

पट्टी बांधून अंकिताचा पट काढला. दोनदा.

६ डिसेंबर, शनिवार, सातारा

वजन ५४ किलो ८००. तपासणीत पत्र दाखवलं, पुढं सोडलं.

हॉलमध्ये शिरले तेव्हा आवाज हळू झाला. मग कुजबूज. मग कुठून तरी "कॅन्सर हाय वाटतं बिचारीला." मला वाटलं होतं वाईट वाटेल. वाटलं ते एवढंच, की आज ज्या माझ्यासमोर येतील त्यांनाही असंच वाटो. बिचारी म्हणून हळू धरोत.

पहिलीनं खरंच हळू धरलं. चाळीस सेकंदांत चीतपट!

दुसरीही जिंकले. उद्या उपान्त्य. समोर कोयनानगरची राणी. गेल्या वर्षीची विजेती, इथल्या लोकांची लाडकी. दादा आणि आई मुक्कामाला आलेत. आई साताऱ्याला पहिल्यांदा. माझी कुस्तीही ती पहिल्यांदाच बघतेय. पिशवीत एक नवी रेशमी ओढणी आहे, बक्षीस घेताना बांध म्हणाली. म्हणजे बक्षीस मिळणार हे तिनं धरलंय.

७ डिसेंबर, रविवार

सगळं लिहिते, नाहीतर विसरेन.

राणी माझ्यापेक्षा उंच. तिचा डाव एकच, सगळ्यांना माहीत असलेला आणि कुणालाच न सुटणारा. मुंडी काखेत घेते आणि फिरवते. सुरुवातीलाच घेतली. मी गेले असं वाटलं. आणि माझं डोकं सुटलं! घामानं ओलं, वर एक केस नाही, तिच्या हातातून सळकन बाहेर. तिनं परत धरलं. परत सुटलं. तिसऱ्यांदा सुटलं तेव्हा तिच्या कोचनी हात वर करून ओरडायला सुरुवात केली, तेल लावलंय, तेल लावलंय!

कुस्ती थांबली. पंच आले. त्यांनी माझ्या डोक्यावरून तळहात फिरवला, वास घेतला, मग टॉवेलनं घासून पुसलं, पितळेचा तांब्या पुसतात तसं. सगळा हॉल बघतोय. पुन्हा तळहात फिरवला, आणि कोचकडं वळून म्हणाले, "तेल न्हाई, साहेब. टक्कल हाय."

हॉल असा हसला! राणीसुद्धा हसली. मी पण. त्या हसण्यात माझ्या पोटातली सगळी भीती निघून गेली.

शेवटचं एक मिनिट. ती सहा, मी चार. डोळ्यांत घाम, काही दिसेना. डोळे मिटले. तिचा उजवा हात माझ्या खांद्यावर होता, म्हणजे उजवा पाय पुढं. गेले. पट हातात आला, उचलली, टाकली. दोन गुण. सहा-सहा! शेवटचा डाव माझा, म्हणून कुस्ती माझी.

राणीनं उठून मिठी मारली आणि कानात विचारलं, दुखतं का गं ते? नाही म्हटलं.

अंतिम कुस्ती हरले. कोल्हापूरच्या मुलीनं काही शिल्लक ठेवलं नाही, दहा-दोन. राष्ट्रीयला ती जाईल. मला रौप्य. चालेल! लय चालेल!

खाली आले तर आई समोर. आवाज बसलेला, म्हणजे ओरडत होती. मी ओढणीसाठी हात पुढं केला. तिनं ती घडी मोडली आणि माझं डोकं पुसलं. मान, कपाळ, डोळे. नवी रेशमी ओढणी घामानं चिंब. ती पिशवीत टाकून म्हणाली, "जा आता. फोटो काढत्यात."

१४ डिसेंबर

वाडीत सत्कार. हलग्या, गुलाल. एवढ्या डोक्याला गुलाल किती लागतो! चौकात बॅनर – "केसांविना वाघीण". पेपरातही आलं. "सौंदर्याच्या कल्पनांना धोबीपछाड." तो डाव मी टाकलाच नव्हता.

लग्नाचं विचारणाऱ्या आत्याबाई भाषण करून गेल्या की हिला केसांची गरजच काय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही हात जोडले.

१७ डिसेंबर

मोबाइलवर अनोळखी मुलींचे मेसेज. ताई, तू अशीच राहा. ताई, कधी बदलू नकोस. आटपाडीच्या मुलींच्या शाळेनं शनिवारी बोलायला बोलावलंय.

काय बोलू?

२० डिसेंबर, शनिवार

शाळेत तीनशे मुली. जे सगळे म्हणतात तेच बोलले – केस म्हणजे काही नाही, मन खंबीर पाहिजे. टाळ्या. मग आठवीतली एक उठली, दोन वेण्या, लाल रिबिनी. विचारलं, "ताई, परत आले तर ठेवशील का?"

बाई तिला खाली बस म्हणत होत्या. मी म्हटलं, थांबा. चार दिवसांपूर्वीच मी सांगलीला मॅडमकडं नंबर लावला होता, आणि चोरी केल्यासारखा कुणालाच सांगितला नव्हता. अंकितालाही नाही. पुढची स्पर्धा लांब आहे, सुया चालतील.

"ठेवीन," म्हटलं. "मला हवेतच. सोमवारी जातेय टोचून घ्यायला."

सगळ्या एकदम हसल्या. मग टाळ्या आल्या, आधीच्यापेक्षा मोठ्या.